कथिलाचा थेंब लेझरने कसा फुटतो?

अत्याधुनिक मोबाइल फोनमधल्या चिपवरील सर्वांत बारीक रेघा ज्या प्रकाशाने उमटवल्या जातात, तो प्रकाश वितळलेल्या कथिलाच्या थेंबांपासून मिळवलेला असतो. नेदरलँड्समधील फेल्डहोफेन येथे मुख्यालय असलेली एएसएमएल ही कंपनी चिपवर प्रकाशाने नक्षी उमटवणारी जी लिथोग्राफी यंत्रे तयार करते, त्यांच्या एका कक्षात हे सूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या गतीने एकामागोमाग एक सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर तो उडत असतानाच लेझरचा मारा केला जातो. त्या माऱ्याने कथिलाचा प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू, होतो आणि प्लाझ्मातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बाहेर पडतो, ज्याला ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) असे म्हटले जाते. या यंत्रांची किंमत आणि त्यांच्याभोवती चाललेले आंतरराष्ट्रीय राजकारण यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र त्यांतला सर्वांत विलक्षण भाग तो थेंबच वाटतो, कारण प्रकाश देण्याआधी त्या थेंबाला काही मायक्रोसेकंदांत स्वतःचा आकार पूर्णपणे बदलावा लागतो, आणि तो कोणता आकार घेईल हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: लेझरचा आघात किती वेळ टिकला.

थेंबाचा व्यास साधारण ३० मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरचे तेहेतीस भाग केल्यास त्यातला एक. द्रव कथिलाची घनता पाण्याच्या जवळजवळ सातपट असली तरी एवढ्याशा थेंबाचे वस्तुमान मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतकेच भरते. सेकंदाला ५० हजार थेंब धरले तर तासाला जेमतेम १८ ग्रॅम कथील लागते, हा हिशेब कोणालाही कागदावर करून पाहता येईल. पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्यासाठी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरला गेलेला धातू हाच, आणि तो भट्टीवर चटकन वितळण्याचे कारण म्हणजे त्याचा वितळणबिंदू २३२ अंश सेल्सिअस इतका कमी आहे. ईयूव्हीच्या यंत्रातही हा गुण सोयीचा ठरतो. वितळलेले कथील मोठ्या दाबाखाली अतिशय बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर काढले जाते, आणि दाबविद्युत (विजेने कंप पावणाऱ्या) स्फटिकाच्या कंपनांनी त्या धारेला ठरावीक लयीत हादरे दिले जातात, म्हणजे ती हवी तशी, समान अंतरावरच्या समान थेंबांत तुटते. द्रवाची धार पृष्ठताणामुळे आपोआप थेंबांत का तुटते याचे गणित लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले होते, त्याचाच हा काटेकोर वापर आहे. पण कथील निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. कथिलाच्या अणूतून साधारण आठ ते चौदा इलेक्ट्रॉन काढून टाकले की उरलेले आयन नेमक्या १३.५ नॅनोमीटरच्या आसपास दाटीवाटीने प्रकाश देतात, आणि मॉलिब्डेनम व सिलिकॉन यांच्या थरांचे जे आरसे या यंत्रात वापरले जातात ते याच तरंगलांबीला उत्तम परावर्तन करतात. उत्तम म्हणजे किती, तर प्रत्येक आरशावर जास्तीत जास्त ७० टक्क्यांच्या आसपास. काच आणि हवा हा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे भिंगे वापरताच येत नाहीत. दहाएक आरशांवरून उसळ्या घेत वेफरपर्यंत, म्हणजे ज्या चकतीवर चिप घडवतात तिथपर्यंत, पोहोचेपर्यंत त्यातला काही टक्केच शिल्लक राहतो. म्हणून मुळात निर्माण होणारा प्रकाश जितका जास्त, तितके बरे.

आता असे वाटेल की थेंबावर एकच जबरदस्त लेझर स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, सोडला की काम झाले. सुरुवातीला तसे करूनही पाहिले गेले, पण त्यात ऊर्जा फार वाया जाते. मुख्य लेझर कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो आणि त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते. या अवरक्त प्रकाशाच्या झोताची जाडी मूळ थेंबापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे झोताचा मोठा भाग थेंबाच्या बाजूने तसाच निघून जातो. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. प्लाझ्मातील मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता एका मर्यादेच्या वर गेली की प्रकाश त्यात शिरू शकत नाही, परत फिरतो; ही मर्यादा तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि १०.६ मायक्रॉनसाठी ती इतकी खाली आहे की द्रव कथिलाच्या घनतेच्या जवळपासही हा प्रकाश पोहोचत नाही. त्याला हवे असते ते विरळ, पसरलेले लक्ष्य. म्हणून आधी एक दुबळा स्पंद सोडून थेंबाचा आकार बदलायचा, त्याला काही मायक्रोसेकंद पसरू द्यायचे, आणि तो पुरेसा रुंद झाला की मग मुख्य स्पंद सोडायचा, अशी दोन टप्प्यांची पद्धत रूढ झाली. या पहिल्या स्पंदाला पूर्वस्पंद म्हणता येईल. या लेखाचा विषय आहे तो हा पूर्वस्पंद.

पूर्वस्पंदाने थेंबाचे काय होईल हे समजण्यासाठी तीन कालावधी मनात ठेवावे लागतात. पहिला स्पंदाचा स्वतःचा. दुसरा, थेंबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ध्वनी पोहोचण्याचा. द्रव कथिलात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २,५०० मीटर असतो, म्हणजे ३० मायक्रॉनचे अंतर तो सुमारे १२ नॅनोसेकंदांत कापतो (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). तिसरा कालावधी पृष्ठताणाचा, म्हणजे विस्कटलेल्या थेंबाला पुन्हा गोल करण्यासाठी पृष्ठताणाला लागणारा वेळ. या आकाराच्या थेंबासाठी तो सहा ते सात मायक्रोसेकंद येतो, ध्वनीच्या कालावधीच्या पाचशेपटीहूनही अधिक. ध्वनीच्या या दुसऱ्या कालावधीला एवढे महत्त्व असण्याचे कारण असे की पदार्थाच्या एका भागावर दाब पडला ही बातमी दुसऱ्या भागाला ध्वनीच्या वेगानेच कळते. स्पंद १० नॅनोसेकंदांचा असेल, तर तो संपेपर्यंत थेंबाच्या मागच्या बाजूला पुढच्या, म्हणजे लेझर पडलेल्या, बाजूवरील दाबाची बातमी जवळपास पोहोचलेली असते. स्पंद १० पिकोसेकंदांचा, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाइतका असेल, तर तेवढ्या वेळात ध्वनी फक्त २५ नॅनोमीटर पुढे सरकतो. लेझरने आपले काम उरकले तरी थेंबाच्या बहुतेक साऱ्या भागाला काही घडल्याचा पत्ताच नसतो.

आधी नॅनोसेकंदाच्या स्पंदाचे पाहू, कारण ते तुलनेने सोपे आहे. लेझर पडलेल्या बाजूचा अतिशय पातळ थर तापून प्लाझ्मा होतो आणि तो प्लाझ्मा लेझरच्या दिशेने वेगाने उसळतो. त्याच्या प्रतिक्रियेने उरलेला थेंब उलट दिशेला ढकलला जातो; प्रत्यक्षात बाष्परूप होणारे वस्तुमान थेंबाच्या अगदी थोड्या अंशाइतके असते. हा दाब थेंबाच्या पुढच्या अर्ध्या भागावर पडतो, पण सगळीकडे सारखा पडत नाही: मध्यभागी जास्त, कडांकडे कमी. द्रव जवळजवळ असंकोची, म्हणजे दाबून आकारमान कमी न होणारा, असल्यामुळे मध्यावर दाबले गेलेले कथील बाजूंना सरकते. त्यामुळे थेंब सेकंदाला दहादहा मीटर या पटीतल्या वेगाने पुढेही जातो आणि त्याच वेळी आडवाही पसरत जातो. येथे एक बारकावा आहे. लेझरचा झोत थेंबापेक्षा बराच रुंद असेल तर दाब त्यातल्या त्यात समसमान पडतो आणि थेंब मुख्यतः पुढे ढकलला जातो. झोत अरुंद असेल तर दाब मध्यावर एकवटतो आणि पुढे जाण्यापेक्षा पसरण्यावर अधिक ऊर्जा खर्च होते. म्हणजे एकाच ऊर्जेतून ढकलणे किती आणि पसरवणे किती याचे वाटप झोताच्या रुंदीने बदलता येते.

पसरलेल्या पत्र्याची जाडी किती असेल? ३० मायक्रॉनचा गोल ३०० मायक्रॉन व्यासाच्या चकतीत रूपांतरित झाला आणि सगळे कथील समान पसरले असे धरले, तर जाडी २०० नॅनोमीटर येते. प्रत्यक्षात बरेचसे कथील कडेला जाड काठाच्या रूपात साचते आणि काही आधीच उडून गेलेले असते, म्हणून मधला पडदा याहूनही पातळ असतो. हा काठ का बनतो हेही पाहण्यासारखे आहे. पातळ पडद्याच्या मोकळ्या कडेला पृष्ठताण आतल्या बाजूला खेचत असतो, आणि २०० नॅनोमीटर जाडीच्या कथिलासाठी ती कड सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने मागे सरकू पाहते. बाहेर जाणारा द्रव आणि आत खेचली जाणारी कड यांच्या झटापटीत कडेवर गोलसर काठ तयार होतो. हा काठ फार काळ गुळगुळीत राहत नाही, त्यावर उंचवटे येतात, उंचवट्यांतून बारीक सोंडा निघतात आणि सोंडांच्या टोकांना थेंब सुटू लागतात. धारेचे थेंब करणारा तोच पृष्ठताण येथेही कामाला येतो. त्याच सुमारास मधल्या पडद्यालाही छिद्रे पडू शकतात, आणि एकदा छिद्र पडले की तेही कडेसारखेच रुंदावत जाते. मुख्य स्पंद हे सगळे घडण्याच्या आधी येऊन पोहोचला पाहिजे: फार लवकर आला तर लक्ष्य लहान आणि जाड, फार उशिरा आला तर लक्ष्याच्या चिंध्या झालेल्या.

या प्रकारचे प्रयोग ॲमस्टरडॅममधील एआरसीएनएल या नॅनोलिथोग्राफी संशोधन केंद्रात आणि ट्वेंटे विद्यापीठातील द्रवगतिकी गटात बारकाईने झाले आहेत. ट्वेंटेच्या संशोधकांनी सुरुवातीला कथिलाऐवजी रंग मिसळलेल्या साध्या द्रवाचे, मिलिमीटरच्या पटीतले थेंब घेतले होते. तेथे प्लाझ्मा होत नाही, नुसती वाफ होऊन धक्का बसतो. तरीही पसरण्याचे आकार कथिलाच्या थेंबांशी जुळले. एकदा धक्का बसून गेला की पुढचा सगळा प्रवास जडत्व आणि पृष्ठताण यांच्या गुणोत्तरावर चालतो, धक्का कशाने दिला याला महत्त्व उरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. नॅनोसेकंदाच्या स्पंदाबाबत ही मोठी सोय आहे.

पिकोसेकंदाच्या स्पंदाने ही सोय हिरावून घेतली जाते. येथे धातूचा काही दशक ते शंभरेक नॅनोमीटर जाडीचा थर इतक्या झपाट्याने तापतो की त्याला प्रसरण पावायला वेळच मिळत नाही. आधी इलेक्ट्रॉन तापतात, त्यांच्याकडून काही पिकोसेकंदांत अणूंना ऊर्जा मिळते, आणि आकारमान तेवढेच राहून तापमान प्रचंड वाढल्यामुळे त्या थरातला दाब वातावरणाच्या दाबाच्या लक्षावधी पटींच्या घरात जातो. हा दाब मोकळा होताना बाहेरच्या बाजूला पदार्थ उडतो आणि आतल्या बाजूला एक अत्यंत अरुंद आघाततरंग निघतो. या तरंगाच्या मागे नेहमीच एक विरलनाचा शेपूट असतो, म्हणजे दाबाच्या शिखरामागून ताणाचा पट्टा येत असतो. सपाट धातूत हा तरंग पुढे जाता जाता मंदावला असता. गोल थेंबात मात्र तो पुढच्या वक्र पृष्ठभागाच्या सगळ्या बिंदूंपासून एकाच वेळी निघालेला असतो, त्यामुळे त्याचा आकार आतल्या बाजूला वळलेल्या वाटीसारखा राहतो आणि तो केंद्राकडे जात जात एकवटतो. केंद्राजवळ दाब वाढतो, आणि त्याच्या मागोमाग येणारा ताणही तितकाच एकवटून येतो.

द्रवाला दाबले तर तो मोठा प्रतिकार करतो हे आपल्याला माहीत असते. द्रवाला ओढताही येते, हे सहसा लक्षात येत नाही. अणूअणूंतील आकर्षणामुळे द्रव कथील काही मर्यादेपर्यंत ताण सहन करते, पण ती मर्यादा ओलांडली की ते आतून फाटते आणि त्यात पोकळ्या निर्माण होतात. थेंबाच्या केंद्राजवळ नेमके हेच घडते. सुरुवातीच्या अनेक लहान पोकळ्या एकमेकींत मिसळून एक मोठी पोकळी होते, आणि भरीव थेंबाचे रूपांतर आतून रिकाम्या कवचात होते. ते कवच टम्म फुगलेल्या पुरीसारखे दिसते खरे, पण पुरीला आतली वाफ फुगवत असते. येथे आतून ढकलणारे जवळजवळ काहीच नसते. तरंगाने कथिलाला बाहेरच्या दिशेने दिलेला वेग एवढीच त्याची पुंजी असते, आणि त्या जडत्वावरच कवच वाढत जाते. वाढताना ते पातळ होते, पातळ होताना पृष्ठताण त्याला मागे ओढत असतो, आणि शेवटी त्याला छिद्रे पडून त्याचे असंख्य सूक्ष्म थेंबांत तुकडे होतात. आघात सौम्य असेल तर वेग कमी असतो आणि पृष्ठताण कवच परत मिटवूही शकतो.

केंद्र ओलांडल्यावर तरंग संपत नाही. तो पुन्हा पसरत थेंबाच्या मागच्या पृष्ठभागापर्यंत जातो, आणि पलीकडे जवळजवळ निर्वात जागा असल्यामुळे तेथून त्याचे परावर्तन होताना दाबाचा ताण होतो. मागच्या पृष्ठभागाच्या किंचित आत हा परतलेला ताण आणि तरंगामागचा विरलनाचा शेपूट एकमेकांवर पडतात. तेथेही कथील फाटले, तर मागच्या बाजूचा एक पातळ पापुद्रा सुटून उरलेल्या थेंबापेक्षा जास्त वेगाने पुढे निघून जातो. चिलखतावर समोरून आघात झाला असता आतल्या बाजूने कपच्या उडतात, त्यामागचे कारणही हेच आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये रशियन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून आणि संगणकीय अनुकरणांतून या दोन घटनांचा क्रम उलगडला. केंद्रातली पोकळी तुलनेने कमी तीव्रतेच्या लेझरने होते. मागचा पापुद्रा सुटण्यासाठी अधिक तीव्रता लागते. म्हणून मध्यम तीव्रतेच्या स्पंदाने थेंब जवळजवळ सममित कवच होऊन फुगतो, एका बाजूनेच तापवला असूनही, आणि मला या विषयातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट हीच वाटते. तीव्रता वाढवली की सममिती मोडते: मागच्या बाजूला दुसरे, वेगाने पळणारे कवच दिसू लागते आणि दोन असमान फुगे एकमेकांना चिकटल्यासारखा आकार तयार होतो.

हे सगळे पाहतात कसे, हा प्रश्न रास्त आहे, कारण सेकंदाला लाखो चित्रे घेणारा कॅमेराही येथे अपुरा पडतो. त्यावरचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. थेंबाच्या मागून काही नॅनोसेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकणारा प्रकाश टाकायचा आणि समोरून त्याच्या सावलीचे छायाचित्र घ्यायचे. एका थेंबाचे एकच छायाचित्र मिळते. पुढच्या थेंबावर तोच लेझर स्पंद सोडून छायाचित्र किंचित उशिरा घ्यायचे, त्याच्या पुढच्याचे आणखी उशिरा. अशा हजारो वेगवेगळ्या थेंबांची चित्रे ओळीने लावली की एकाच थेंबाचा चित्रपट पाहिल्यासारखे वाटते. ही युक्ती चालण्याची अट एवढीच की प्रत्येक थेंब आधीच्यासारखाच असला पाहिजे आणि प्रत्येक वेळी स्पंद त्याच जागी बसला पाहिजे. सावलीच्या चित्रात कवच भरीव आहे की पोकळ हे मात्र थेट कळत नाही. बाहेरची कड तेवढी दिसते. आतली पोकळी कशी जन्मली हे समजण्यासाठी संगणकावरील अनुकरणे लागतात, ज्यांत द्रव लाखो काल्पनिक कणांचा बनला आहे असे मानून प्रत्येक कणाची हालचाल गणिताने काढली जाते, आणि अनुकरणातली बाहेरची कड प्रत्यक्ष सावलीशी जुळली तरच आतल्या चित्रावर विश्वास ठेवला जातो.

नॅनोसेकंदाची चकती की पिकोसेकंदाचे कवच, यंत्राला काय हवे? कार्बन डायऑक्साइड लेझरच्या दृष्टीने पाहिले तर सूक्ष्म थेंबांचा विरळ ढग घट्ट चकतीपेक्षा अधिक ऊर्जा शोषतो, आणि जपानमधील गिगाफोटोन या कंपनीने पिकोसेकंदाच्या पूर्वस्पंदाने प्रकाशनिर्मितीची कार्यक्षमता वाढल्याचे दाखवले होते. पण निवड केवळ कार्यक्षमतेवर होत नाही. जे कथील प्लाझ्मा न होता तुकड्यांच्या रूपात उरते ते कोठेतरी जाऊन बसते, आणि ती जागा बहुधा प्रकाश गोळा करणारा मुख्य आरसा असते. त्याच्यावर कथिलाचा थर चढू लागला, म्हणजे अक्षरशः कल्हई होऊ लागली, की परावर्तन घसरते. त्यासाठी कक्षात कमी दाबाचा हायड्रोजन खेळवला जातो. तो वेगवान आयनांना मंदावतो आणि आरशावर बसलेल्या कथिलाशी संयोग पावून त्याचे वायूत रूपांतर करतो, जो पंपाने बाहेर काढता येतो. पण हायड्रोजन आयनांना आणि पातळ थराला पुरा पडतो, मोठ्या तुकड्यांना पडत नाही. त्यामुळे तुकडे किती, केवढे आणि कोणत्या दिशेने उडतात यावर आरशाचे आयुष्य ठरते, आणि पापुद्रा सुटण्याची ती तीव्रतेची सीमारेषा अभियंत्यांच्या रोजच्या हिशेबात येऊन बसते.

हा हिशेब कायमचा सुटलेलाही नाही. कार्बन डायऑक्साइडचा लेझर विजेचा फार मोठा ग्राहक आहे, म्हणून त्याच्या जागी सुमारे दोन मायक्रॉन तरंगलांबीचा घनस्थितीतला लेझर वापरता येईल का याचा अभ्यास ॲमस्टरडॅममध्ये आणि अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू आहे. तरंगलांबी पाचपटीहून अधिक घटली की प्रकाश शिरू शकेल ती इलेक्ट्रॉनांची घनता पंचवीसपटीहून अधिक वाढते, आणि लक्ष्य आतासारखे इतके विरळ असण्याची गरज उरत नाही. मग थेंब किती पसरवायचा, तो फाटण्याच्या किती आधी थांबायचे आणि पूर्वस्पंद किती पिकोसेकंदांचा ठेवायचा, हे सगळे पुन्हा नव्याने ठरवावे लागेल.